शीर सापडत नाही

सोमवार ते शुक्रवार मी लोकांचं रक्त काढते,
न्यूपोर्टचं इस्पितळ, तळमजला, दुसरा पडदा.
शनिवारी गर्नर्डला, चेव्हर्टनच्या गॅरेजात,
तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीच्या शिरा मोजते.
दोन्हीकडे हात थंड असून चालत नाही.

चेव्हर्टन फेरीबोटीवर तिकिटं तपासायचा.
आता ओहोटी लागली की गुडघ्याला पट्टा बांधून किनाऱ्यावर जातो,
कड्यावरून निसटलेल्या चुनखडीच्या पिवळट चिपा आणतो.
आई फणस ठोकून बघायची
तशी आधी प्रत्येक चीप ठोकून ऐकतो.

यातलाच हा पंख. तीन वर्षं खोक्यात पडून.
अकरा मिलिमीटर. बाकी माशी नाही,
डोकं नाही, धड नाही, ते लांबलचक पायही नाहीत
ज्यांच्यावरून इथली पोरं तिला डॅडी लाँगलेग्ज म्हणतात.
आमच्याकडे तिला नाव नाही.
'केवढा मोठा डास!' म्हणायचं आणि चप्पल काढायची.
ती चावत नाही, हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

स्पिरिटचा एक थेंब.
दगड ओला होतो आणि शिरा वर येतात,
दंडाला पट्टा आवळल्यावर येतात तशा.
थेंब उडेपर्यंत जेमतेम मिनिट. तेवढ्यात काढून घ्यायचं:
ही कडेची जाड,
ही तिच्या कुशीतली,
ही दुभंगून पुन्हा दुभंगते,
या मागच्या दोघी, पार काठापर्यंत पोचलेल्या.
या दोघी असल्या की घराणं ठरलं, चेव्हर्टन म्हणतो.
मग सुकतं. नुसता दगड.
पुन्हा थेंब.

पंखाच्या मध्यात एक बंद खोली हवी.
जवळच्या सगळ्या भाऊबंदांत आहे.
इथे तीनच भिंती. चौथी, आडवी शीर, नाही.

नाही, की सापडत नाही?

वीस वर्षं मी एवढंच शिकलेय: शीर असतेच.
मिसेस स्क्विबची कागदासारखी कातडी,
केमोनंतरचे दंड, सुयांनी जाळून घेतलेले दंड;
डोळे मिटायचे, बोट टेकवायचं, थांबायचं.
असतेच. आपणच आंधळे.
म्हणून थेंबावर थेंब टाकत राहिले,
दिवा आडवा धरला, उलटा धरला,
आणि चौथ्या खेपेला ती मला दिसलीसुद्धा.
पेन्सिल टेकवली.
'तुला हवीय म्हणून दिसतेय,' चेव्हर्टन चहा ओतता ओतता म्हणाला.

खोडरबर.

दगड फुटताना वेगळं झालेलं दुसरं शकल
बिस्किटांच्या डब्यात निघालं, चिठ्ठीवर 'पान?'
त्यावर थेंब. तोच पंख, आरशातला.
तिथेही तीनच भिंती.

तरी तो घाई करेना.
एखादी माशी जन्मतःच अधू असेल, म्हणाला,
एका खोलीवरून जात कशी ठरवायची?
(तो जे म्हणाला त्याला माझ्या भाषेत 'जात'च म्हणतात,
आणि ती ठरवायला आमच्याकडे आडनाव पुरतं.
हे मी त्याला सांगितलं नाही.)
मग वरच्या फाट्याचा देठ मोजला. भलताच आखूड.
आडवा दुवा मोजला. असावा त्याच्या कितीतरी आधी.
चारदा मोजला. सहा वाजले. गॅरेजात गारठा.
त्याने डबीवर पेन्सिलीने लिहिलं:
नवी. नाव नंतर.

सप्टेंबरात एक जिवंत आली वॉर्डाच्या काचेवर,
ट्यूबलाइटला धडका देत.
मिसेस स्क्विब म्हणाल्या, मार तिला.
मी प्लॅस्टिकचा पेला पालथा घातला, भिंग लावलं.
तिची खोली बंद होती. चारी भिंती.
खिडकी उघडून सोडून दिली.
एक पाय पेल्यातच राहिला,
थोडा वेळ हलत.